फोर-बाय-फोर गाडीचे अडकलेले ड्रेन आणि फिलर प्लग कसे सोडवावेत

फोर-बाय-फोर गाडीत इंजिनाखेरीज आणखी चार ठिकाणी तेल असते: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), पुढचा डिफरन्शियल आणि मागचा डिफरन्शियल (ॲक्सलमधली, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी). बहुतेक गाड्यांत यांपैकी प्रत्येकाला तेल भरण्यासाठी एक फिलर प्लग आणि तेल काढण्यासाठी एक ड्रेन प्लग असतो. इंजिनाचा ड्रेन प्लग दर सर्व्हिसिंगला उघडला जातो, त्यामुळे तो सहसा अडकत नाही. बाकीच्या प्लगना मात्र कित्येक वर्षे पाना लागत नाही. गाडी किनारपट्टीवरची असेल, पावसाळाभर तांबड्या चिखलातून आणि ओढ्यांतून जात असेल, किंवा लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी जिप्सी असेल, तर हे प्लग पहिल्याच प्रयत्नात सुटतील अशी अपेक्षा धरू नये.

असा प्लग सुटणार की त्याची कड झिजून गोल होणार, याचा निकाल बहुधा पान्यावर जोर टाकण्याआधीच लागलेला असतो. प्लग किती स्वच्छ केला, पाना किती घट्ट बसला आणि गंज सोडवणाऱ्या तेलाला किती वेळ दिला, या तीन गोष्टींवर तो अवलंबून असतो. म्हणून पुढील मजकुरात तयारीचा भाग मोठा आहे आणि प्रत्यक्ष जोर लावण्याचा भाग त्या मानाने लहान आहे.

सर्वांत आधी क्रमाविषयी. फिलर प्लग सुटल्याशिवाय ड्रेन प्लगला हात लावू नये. या नियमाला एकच अपवाद आहे आणि तो पुढे येईल. ड्रेन प्लग सहज सुटला, तेल सांडून गेले आणि मग फिलर प्लग जागचा हलेना, तर गाडी तेलाविना जागेवर उभी राहते आणि टो करून नेण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. उलट फिलर सुटला आणि ड्रेन अडकला, तर काम पूर्ण थांबत नाही, कारण जुने तेल फिलरच्या भोकातून नळी घालून हातपंपाने किंवा मोठ्या पिचकारीने बरेचसे ओढून घेता येते. आणखी एक कारण आहे. फिलर काढताना ड्रिल किंवा छन्नी वापरावी लागली आणि धातूचा कीस आत पडला, तर तो जुन्या तेलात पडतो आणि नंतर त्याच तेलाबरोबर खालून बाहेर येतो. म्हणून फिलर हाती येईपर्यंत जुने तेल आतच राहू द्यावे.

प्लग का अडकतो

ॲक्सलचे हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियलभोवतीचे बाहेरचे कवच, बहुधा बिडाचे किंवा पोलादी पत्र्याचे असते आणि प्लगही पोलादाचा असतो. तिथे अडचण साध्या गंजाची असते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो आट्यांमधल्या फटीत पाचरीसारखा ठासून बसतो. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मात्र बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचे असतात. पोलादी प्लग, ॲल्युमिनियमचे आटे आणि दोहोंमध्ये खारट पाणी, असा संयोग झाला की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी रासायनिक क्रिया सुरू होते आणि तीत ॲल्युमिनियमची झीज होते. प्लगच्या कडेला दिसणारी पांढरी भुकटी ही त्याचीच खूण असते. असा प्लग जोराने सोडवला तर केसचे (बाहेरच्या कवचाचे) आटे त्याच्याबरोबर उपटून येऊ शकतात, म्हणून ॲल्युमिनियमच्या ठिकाणी घाई करू नये.

आट्यांची आतली बाजू वर्षानुवर्षे गिअर तेलात भिजलेली असते, त्यामुळे बिडाच्या हाउसिंगमध्ये आतपर्यंत गंज सहसा पोहोचत नाही. अडकलेला असतो तो प्लगच्या डोक्याखालचा वायसर आणि बाहेरचे पहिले दोन-तीन आटे. एकदा प्लग पाव फेरा फिरला की पुढचे काम बऱ्याचदा हाताने होते ते यामुळेच. सारी धडपड त्या पहिल्या पाव फेऱ्यासाठी असते.

जुन्या विलीज घराण्यातल्या जीपमध्ये आणि काही इतर ॲक्सलवर वायसर नसलेले, निमुळत्या आट्यांचे पाइप-प्लग सापडतात. हे प्लग आट्यांच्या ताणावरच सील होतात, म्हणून गंज नसला तरी घट्ट लागतात. कोणीतरी ते जरुरीपेक्षा जास्त आवळले असतील तर फारच घट्ट लागतात.

जागा, उजेड आणि सफाई

गाडी जमिनीवरच, चारही चाकांवर उभी ठेवून हे काम करता आले तर सर्वांत उत्तम. बहुतेक फोर-बाय-फोर गाड्यांखाली माणूस जाण्याइतकी जागा असते, आणि नवे तेल भरताना गाडी समपातळीवर असावीच लागते. लांब दांड्यावर जोर लावताना गाडी हलते, म्हणून ती नुसत्या जॅकवर उभी असताना कोणीही तिच्याखाली जाऊ नये. उचलायचीच झाली तर पक्क्या जॅक-स्टँडवर ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून अटकण लावावी. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण वर पाहून काम करताना गंजाचे कण थेट डोळ्यांत पडतात.

गाडी थोडी चालवून आणल्यास तेल पातळ होते आणि केस कोमट होते; दोन्हींचा उपयोग होतो.

आता प्लग शोधावा आणि तो तेल-पातळीचाच प्लग आहे याची खात्री गाडीच्या मॅन्युअलमधून करून घ्यावी. ट्रान्सफर केसवर प्लगसारखे दिसणारे इतरही बोल्ट असतात आणि त्यांतला एखादा उघडला तर आतली स्प्रिंग व बॉल निसटून गिअर बदलण्याची यंत्रणा बिघडू शकते. प्लग सापडल्यावर वायर ब्रशने त्याचे डोके आणि भोवतालची जागा चकचकीत होईपर्यंत घासावी.

ज्या प्लगला बाहेर षट्कोनी डोके नसून आत ॲलन कीची षट्कोनी किंवा चौकोनी खाच असते, तिथे सफाईला विशेष वेळ द्यावा. खाचेत वर्षानुवर्षांचा चिखल वाळून दगडासारखा झालेला असतो आणि वरवर पाहता खाच पुरेशी खोल वाटते. पण टोकदार सुईने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने कोपरे उकरत गेले की तळाशी चार-पाच मिलिमीटर मातीचा थर निघतो. तो न काढता पाना बसवला तर खाचेच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पकड येते आणि पहिल्याच जोरात कोपरे गोल होतात. उकरून झाल्यावर ब्रेक-क्लीनर फवारावा, फडक्याने पुसावे, आणि टॉर्चच्या उजेडात खाचेचा तळ धातूसारखा चमकताना दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

योग्य पाना

बाहेरून षट्कोनी डोके असलेल्या प्लगसाठी सहा कोनांचे सॉकेट वापरावे. गॅरेजमध्ये सर्रास मिळणारे बारा कोनांचे सॉकेट फक्त कोपऱ्यांवर दाब देते, तर सहा कोनांचे सॉकेट सपाट बाजूंवर दाब देते. बऱ्याच प्लगची डोकी उंचीला फार कमी असतात आणि नव्या सॉकेटच्या तोंडाशी आतून एक तिरपी कड असते, जेणेकरून ते नटावर सहज बसावे. डोके जेमतेम पाच-सहा मिलिमीटर उंच असेल तर त्यातले दीड-दोन मिलिमीटर या तिरप्या कडेतच वाया जातात. म्हणून एक सॉकेट या कामापुरते राखून ठेवावे आणि त्याचे तोंड ग्राइंडरवर ती तिरपी कड नाहीशी होईपर्यंत सपाट घासून घ्यावे. मधूनमधून पाण्यात बुडवत घासावे, म्हणजे पोलादाचे पाणी उतरत नाही. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि त्याचा उपयोग महागड्या हत्यारांपेक्षा जास्त होतो.

मापाबाबत सावध असावे. जुन्या जीपमध्ये इंची मापे असतात, नव्या गाड्यांत मिलिमीटरची असतात. १० मिलिमीटरच्या ॲलन खाचेत ३/८ इंची, म्हणजे साधारण ९.५ मिलिमीटरची की सहज जाते आणि घट्ट बसल्यासारखी वाटते, पण तेवढ्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीनेच खाच खराब होते. चौकोनी खाचेच्या प्लगमध्ये अर्धा इंची एक्स्टेन्शन थेट घालण्याची पद्धत आहे. ते नीट बसत असेल तर चालते. मात्र एक्स्टेन्शनच्या चौकोनाच्या कडा उतरत्या असतात आणि त्यावर बारीक गोळी असते, त्यामुळे पकड उथळ राहते. लेथवाल्याकडून खाचेच्या मापाचा पोलादी चौकोन करून घेतला तर काम कायमचे सोपे होते.

पाइप पाना आणि ॲडजस्टेबल पाना शेवटच्या टप्प्यासाठी ठेवावेत. सुरुवात त्यांनी करू नये.

गंज सोडवणारे तेल आणि वेळ

डब्ल्यूडी-४०, रस्टोलिन किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दुसरा कोणताही पेनिट्रेटिंग स्प्रे चालतो. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल निम्मे-निम्मे मिसळून केलेले मिश्रणही वापरले जाते. ते झिरपते चांगले, पण ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही असल्यामुळे ज्या प्लगला पुढे आच द्यावी लागेल असे वाटते तिथे ते वापरू नये.

ब्रँडपेक्षा महत्त्वाचे म्हणजे तेल जागेवर टिकले पाहिजे. फिलर प्लग उभ्या बाजूवर असतो आणि ड्रेन प्लगचे तोंड खाली असते, त्यामुळे फवारलेले तेल दोन मिनिटांत ओघळून जाते. फिलर प्लगभोवती शाडूच्या मातीची किंवा मुलांच्या क्लेची अर्धगोल पाळ करून तिच्यात तेल साठवता येते. ड्रेन प्लगसाठी कापूस तेलात भिजवून डोक्याभोवती दाबावा आणि वरून प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीने बांधावा. संध्याकाळी हे करून रात्रभर ठेवावे, सकाळी पुन्हा तेल घालावे, आणि जमल्यास दुसरी रात्रही जाऊ द्यावी.

मधूनमधून प्लगच्या डोक्यावर मध्यभागी हातोड्याने सरळ ठोके द्यावेत. आवाज ठणठणीत यावा इतका जोर हवा, डोके चेपण्याइतका नको. या ठोक्यांनी वायसरची चिकटलेली पकड सैल होते आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. वायसर धरून बसलेला असेल तोवर आट्यांपर्यंत तेल पोहोचतच नाही. ॲल्युमिनियमच्या केसवर ठोके हलके द्यावेत आणि ते प्लगवरच पडतील याची काळजी घ्यावी.

जोर लावणे

सॉकेट किंवा की पूर्ण खोल बसवावी, ॲलन की हातोड्याने ठोकून तळाला टेकवावी आणि त्यावर साधारण ६०० मिलिमीटरचा टॉमी बार लावावा. एवढ्या लांबीच्या टोकाला ३० किलोचा भार दिला तर प्लगवर सुमारे १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) येतो. अनेक गाड्यांत वायसरच्या प्लगचा ठरलेला टॉर्क ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे हा जोर त्याच्या तिपटीहून जास्त झाला. तेवढ्यानेही प्लग हलला नाही तर दांड्याला आणखी लांब पाइप जोडण्याआधी थांबून विचार करावा.

दिशेचा गोंधळ इथे नेहमी होतो. प्लगच्या तोंडाकडे समोरून पाहिले असता तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. ड्रेन प्लगचे तोंड खाली असते, म्हणून ही दिशा गाडीखाली झोपून वर पाहताना ठरवावी. गाडीबाहेर उभे राहून वरून अंदाज केला तर दिशा नेमकी उलटी ठरते. सगळा जोर प्लग आवळण्यातच जातो.

सोडवण्याआधी प्लग किंचित आवळण्याच्या दिशेने ढकलून पाहावा. केसाएवढी हालचाल झाली तरी गंजाची साखळी तुटते. त्यानंतर उलट दिशेने, पुन्हा थोडे पुढे, पुन्हा मागे, असे करत राहावे. जोर एकसारखा रेटत नेण्यापेक्षा, दांडा ताणून धरून सॉकेटच्या डोक्यावर दुसऱ्या माणसाने हातोड्याचे ठोके द्यावेत. पहिल्या टप्प्यात हा सर्वांत गुणकारी उपाय आहे. एका हाताने सॉकेट प्लगवर दाबून धरावे, दांडा शक्यतो ढकलू नये तर ओढावा, आणि तो अचानक सुटला तर हात कुठे आपटेल हे आधी पाहून ठेवावे. प्लग सुटताना टक असा आवाज येतो आणि तो आवाज कडा घसरल्याच्या आवाजासारखाच असतो, त्यामुळे लगेच थांबून प्लग खरोखर फिरला का ते पाहावे.

टायरवाल्याकडची एअर गन किंवा बॅटरीवरची इम्पॅक्ट गन बिडाच्या हाउसिंगवर चांगली चालते, कारण तिचे छोटे-छोटे झटके गंज फोडतात. ती कमी जोरावर ठेवून आलटून-पालटून दोन्ही दिशांना चालवावी. ॲल्युमिनियमवर ती वापरू नये.

आच

ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. २२ मिलिमीटर व्यासाच्या प्लगभोवतीची केस आणि प्लग दोन्ही १०० अंशांनी तापले तर दोहोंमध्ये सुमारे ०.०२५ मिलिमीटर फट वाढते. आकडा लहान दिसतो, पण चिकटलेल्या आट्यांना तेवढे पुष्कळ असते. यासाठी हॉट-एअर गन पुरेशी आहे. प्लगवर नव्हे, प्लगभोवतीच्या केसवर गोल फिरवत आच द्यावी. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चरचरून उडाला की तापमान पुरेसे झाले असे समजावे. याहून जास्त तापवले तर जवळचे रबरी ऑइल सील कडक होतात. तापलेल्या प्लगच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर वितळलेले मेण फटीत ओढले जाते आणि आट्यांना वंगण मिळते. जुने मिस्त्री हा उपाय आवर्जून करतात आणि तो खरोखर चालतो.

बिडाच्या हाउसिंगमध्ये ही युक्ती तेवढी चालत नाही, कारण बीड आणि पोलाद जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात. तिथे उलट मार्ग धरावा: फक्त प्लगचे डोके झपाट्याने तापवावे आणि निवू द्यावे. तापलेला प्लग फुगू पाहतो, पण भोवतालचे थंड हाउसिंग त्याला फुगू देत नाही. तो आतल्या आत दबतो आणि निवल्यावर मूळ मापापेक्षा किंचित बारीक होतो.

आच देण्याआधी पेनिट्रेटिंग तेल पूर्ण पुसून घ्यावे. इंधनाची टाकी, ब्रेकचे पाइप आणि ब्रीदरची (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या तोटीची) नळी कुठे आहे हे पाहून घ्यावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावे. मागचा डिफरन्शियल बऱ्याच गाड्यांत टाकीला लागूनच असतो. तिथे उघडी ज्योत वापरू नये.

कडा गोल झाल्या तर

बाहेरचे डोके थोडेसेच गोल झाले असेल तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून एका मापाने लहान पाना ठोकून बसवावा. ॲलन खाच झिजली असेल तर किंचित मोठ्या मापाचा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) बिट हातोड्याने ठोकून बसवता येतो. त्याचे दात खाचेच्या भिंतीत रुततात. छन्नीने प्लगच्या कडेला खोबण करून ती तिरपी धरून ठोकण्याचा उपायही बिडावर चालतो.

माझ्या मते मात्र कडा गेल्यावर वेळ न घालवता वेल्डरकडे जावे. प्लगच्या डोक्यावर एक मोठा नट ठेवून त्याच्या भोकातून आत वेल्ड भरला की नवे डोके तयार होते, शिवाय वेल्डच्या उष्णतेने वर सांगितल्याप्रमाणे प्लग आकसतो. अडकून बसलेला प्लग यानंतर साध्या पान्याने सुटताना अनेकदा दिसतो. यासाठी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि वेल्डिंगची अर्थ-क्लॅम्प त्याच हाउसिंगवर, प्लगच्या अगदी जवळ लावावी. ती चॅसिसवर लावली तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांच्या गोळ्यांवर डाग पडू शकतात. ब्रीदर मोकळा आहे याची खात्री करावी, म्हणजे आत दाब साठत नाही. ड्रेन प्लगवर वेल्ड करायचा असेल तर तेल आधी फिलरच्या भोकातून ओढून घ्यावे.

ड्रिल हा शेवटचा उपाय. मध्यभागी पंच मारून, ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावून, लहान मापापासून वाढवत जावे आणि मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे त्या भोकात उलटा फिरवून रुतवायचे निमुळते हत्यार, वापरावा. एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर त्याला साधे ड्रिल लागत नाही, म्हणून त्यावर बेताने जोर द्यावा.

एवढे करूनही फिलर निघालाच नाही, तर वर म्हटलेला अपवाद येतो. ॲक्सलचा ब्रीदर काढून त्याच्या भोकातून मॅन्युअलमध्ये दिलेले तेल मोजून भरता येते. ते भोक मोकळे असून त्यातून तेल जाते, हे पाहिल्यावरच अशा वेळी ड्रेन उघडावा. ज्या ॲक्सलला मागे बोल्टने बसवलेले झाकण असते तिथे ड्रेनऐवजी ते झाकण सैल करूनही तेल काढता येते.

परत बसवताना

निघालेले तेल नीट पाहावे. दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग म्हणजे आत पाणी शिरले आहे. ओढ्यातून जाताना तापलेला ॲक्सल एकदम थंड होतो आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते, म्हणून अशा वेळी ब्रीदरही साफ करावा. चुंबकी प्लगवर बारीक राखाडी लगदा असणे स्वाभाविक आहे, पण दाताचे तुकडे किंवा चपट्या चकत्या दिसल्या तर डिफरन्शियल उघडून पाहावा लागेल.

केसचे आटे योग्य मापाच्या टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) हलक्या हाताने साफ करावेत. टॅपला ग्रीस लावावे, म्हणजे कचरा त्याला चिकटून बाहेर येतो. ॲल्युमिनियमचे आटे गेले असतील तर हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) बसवून घ्यावे. मोठ्या मापाचा प्लग जबरीने आवळू नये. खराब झालेला प्लग पुन्हा वापरू नये, आणि वायसर दर वेळी नवा घालावा. आट्यांना अँटी-सीझ पेस्टचा (आटे चिकटू न देणाऱ्या वंगणाचा) पातळ हात द्यावा. पेस्ट लावलेले आटे कमी घर्षणाने फिरतात, त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या टॉर्कपेक्षा थोडे कमीच आवळावे. निमुळत्या पाइप-प्लगवर वायसर नसतो; तिथे द्रवरूप थ्रेड-सीलंट लावावा. टेफ्लॉन टेपचे तुकडे आत जाण्याची शक्यता असते.

तेल फिलरच्या खालच्या कडेपर्यंत येऊन ओघळू लागेपर्यंत भरावे. हायपॉइड (एकमेकांना न छेदणाऱ्या अक्षांच्या तिरप्या दात्यांच्या) डिफरन्शियलला बहुधा जीएल-५ प्रतीचे तेल लागते. गिअरबॉक्सला मात्र मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिले असेल तर तेच घालावे, कारण जीएल-५मधील काही रसायने जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोनायझर रिंगना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत.

प्लग आवळून झाल्यावर आतली खाच ग्रीसने पूर्ण भरून टाकावी, म्हणजे तिथे पाणी आणि चिखल साचत नाही. शंभरएक किलोमीटर गाडी चालल्यावर खाली वाकून ओल आली आहे का ते पाहावे. त्यानंतर दर पावसाळा संपला की, तेल बदलायचे नसले तरी, प्रत्येक फिलर प्लग एकदा सोडवून तेलाची पातळी आणि रंग पाहावा आणि तो पुन्हा ठरलेल्या टॉर्कने आवळावा. जुने तेल गटारात किंवा मातीत न ओतता बंद डब्यात भरून वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.